घरकुलाचे अडीच लाख : रक्कम अपुरी आहे, की ती उशिरा येते?

मुळाकाठ (धागाकर्ता)

पुण्यात परवडणाऱ्या घरांचा विषय निघाला की तो सोडतीपासून सुरू होतो आणि सोडतीपाशीच संपतो. म्हाडाची सोडत, महापालिकेच्या हडपसर, खराडी आणि वडगाव खुर्द येथील सदनिका, पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) पेठ क्रमांक १२ मधील घरे, यांविषयी भरपूर लिहिले जाते. ज्या कुटुंबाकडे अर्धा-पाऊण गुंठा जागा आहे, तीवर पत्र्याची खोली आहे आणि जे चार पैसे साठले की एखादी भिंत पक्की करून घेते, त्या कुटुंबाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या (शहरी) पहिल्या टप्प्यात देशभर सुमारे १ कोटी १८ लाख घरे मंजूर झाली आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक घरे लाभार्थ्याने स्वतःच्याच जागेवर बांधायची होती. आपल्याकडे सरकारी कागदांत याला 'घटक क्रमांक ४' म्हणत. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये त्यात मिळतात. १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातही हा आकडा तेवढाच राहिला. घराचे चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, मात्र आता ३० ते ४५ चौरस मीटर धरले आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे.

या रकमेत घर होत नाही, हे सर्वांनाच ठाऊक आहे, आणि म्हणून प्रत्येक निवडणुकीत 'अनुदान वाढवा' ही मागणी होते. ती करायला सोपी आहे. माझे म्हणणे असे, की रक्कम उद्या चार लाख केली, पण जागेचा कागद आणि हप्त्याची वेळ हे दोन प्रश्न आहेत तिथेच ठेवले, तर वाढीव पैसा मुख्यतः अशा कुटुंबांकडे जाईल ज्यांनी तो मिळाला नसता तरी घर बांधलेच असते. ज्यांच्या नावावर सातबारा किंवा मिळकत पत्रिका (गावठाण-शहरातील जागेच्या मालकीचा उतारा) नाही, ज्यांच्याकडे जोत्यापर्यंत काम आणण्याएवढी रोकड नाही, ते आजही योजनेच्या दाराबाहेर आहेत आणि उद्याही राहतील. बांधकामाशी, महसुलाशी किंवा वस्तीतील कामाशी संबंध असलेल्यांनी आपला अनुभव लिहावा. राजकीय पक्षांची उणीदुणी येथे नकोत, ही विनंती.

ओळंबा

मी लहान बांधकामांची ठेकेदारी करतो, त्यामुळे फक्त हिशेबाचे बोलतो. ३० चौरस मीटर चटई क्षेत्र म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. भिंतींची जाडी आणि बाहेरची पायरी धरली की बांधकाम ४०० चौरस फुटांच्या आसपास जाते. साध्या आरसीसी घराचा साहित्य आणि मजुरीसह दर आमच्याकडे चौरस फुटाला १,७०० ते २,००० रुपये आहे, म्हणजे खर्च ६ लाख ८० हजार ते ८ लाख. अडीच लाख हा त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा झाला. यात बोअर नाही, मीटर नाही, कंपाउंड तर नाहीच.

धागाकर्त्यांचा हप्त्याचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे आणि तो बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार येतात: जोते झाले की फोटो काढून जिओ टॅगिंग (फोटोसोबत जागेचे स्थान नोंदवणे), मग लिंटेल (दारे-खिडक्यांवरची आडवी तुळई), मग स्लॅब, मग पूर्णत्व. शिवाय केंद्राचा हिस्सा राज्याकडे ४०, ४० आणि २० टक्के असा तुकड्यांनी येतो, त्यामुळे वरचा हप्ता अडकला की खालची सगळी रांग अडकते. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने खोदाई, सोलिंग, फुटिंग, प्लिंथ बीम आणि भराव एवढे सगळे आधी स्वतःच्या खिशातून करायचे असते. काळी माती लागली तर पाया खोल न्यावा लागतो आणि एकूण खर्चाचा पाव हिस्सा जमिनीखालीच जातो. मुरूम किंवा खडक लागला तर नशीब.

सर्वांत वाईट अवस्था लिंटेल आणि स्लॅब यांच्या मधली. स्लॅब अर्धा टाकून थांबता येत नाही. सेंटरिंगचे भाडे, सळई, सिमेंट, खडी, क्रश सँड आणि त्या दिवसाची बिगारी माणसे असा सगळा पैसा एकाच आठवड्यात लागतो. त्या वेळी हप्ता आला नाही, तर भिंती उघड्या पडून पावसाळा काढतात आणि वर आलेल्या सळया गंजतात. मग मालक पुढच्या वर्षी पत्रा टाकून मोकळा होतो आणि नोंदीत ते घर 'अपूर्ण' म्हणून राहते. अशा घरांना निष्काळजी लाभार्थी म्हणून नोटिसा जातात, याचा मला फार राग येतो.

शिवणेकर

ओळंबादादांनी पैशाचे लिहिले, मी कागदाचे लिहितो, कारण माझी सारी नोकरी महसुलाच्या कामातच झाली.

पुण्याच्या कडेला, म्हणजे महापालिकेत २०१७ मध्ये आलेली ११ गावे आणि २०२१ मध्ये आलेली २३ गावे या पट्ट्यात, कष्टकरी माणसाने जागा घेतली ती बहुधा गुंठ्याने. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा (शासनाने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा) लहान तुकड्याचे खरेदीखत नोंदवता येत नसे, म्हणून व्यवहार शंभर रुपयांच्या स्टँपवर, नोटरीपुढे, साठेखताने किंवा कुलमुखत्यारपत्राने झाले. पैसे पूर्ण दिले, ताबा मिळाला, वीजबिल नावावर आले, घरपट्टीही लागली. सातबाऱ्यावर मात्र मूळ शेतकऱ्याचेच नाव राहिले. घरपट्टीची पावती मालकी सिद्ध करत नाही, हे अर्ज फेटाळला जाईपर्यंत कोणीच या माणसांना सांगत नाही.

अशा गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जागांसाठीच्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड नियमित करण्याची वाट काढली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. वाट आहे, पण तिच्यावर टोल फार आहेत. मोजणी, नकाशा, परवानाधारक अभियंत्याचे शुल्क, प्रशमन शुल्क (नियमभंग नियमित करून घेण्यासाठी भरायची रक्कम), विकास शुल्क हे सारे धरले, तर अडीच लाखांच्या अनुदानासाठी पात्र होण्यापूर्वीच मोठी रक्कम हातातून गेलेली असते. शिवाय लेआउट एकत्र नियमित होतो. एकट्या घराने अर्ज करून रस्त्याची रुंदी वाढत नाही. चाळीस प्लॉटधारकांपैकी पाच जण परगावी असले आणि दोन जणांचे आपसांत वाद असले, तर उरलेले सगळे ताटकळतात.

विरोधाभास पाहा. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील लहान घराला परवानगीची किचकट प्रक्रिया जवळपास काढून टाकली. आराखडा, शुल्क आणि सूचना दिली की पोच हीच परवानगी. ही सवलत नेमकी याच लोकांच्या कामाची आहे. पण ती अधिकृत भूखंडालाच लागू होते, म्हणून ज्याला ती हवी त्याला ती मिळत नाही.

तिसरा_मजला

मला या संपूर्ण मांडणीलाच हरकत आहे. एका गुंठ्यावर एक कुटुंब ही चैन पुण्यासारख्या शहराला परवडणारी नाही. समाविष्ट गावांमध्ये आजही अनेक सोसायट्यांना टँकरवर दिवस काढावे लागतात. तिथे सरकारने सुट्या सुट्या घरांना पैसे दिले, तर प्रत्येक घरापर्यंत जलवाहिनी, ड्रेनेज आणि रस्ता नेण्याचा खर्च पुढे महापालिकेवरच येतो. त्याच पैशात इमारती बांधल्या, तर कमी जमिनीत अधिक कुटुंबे राहतील आणि सेवाही स्वस्तात पोहोचतील. सोलापूरजवळ कुंभारी येथे असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांची रे नगर वसाहत उभी राहत आहे. हे प्रमाण सुट्या घरांनी कधीच गाठता येणार नाही.

दुसरे, गुंठेवारीला उत्तेजन म्हणजे उद्याच्या आपत्तीला निमंत्रण. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा निळ्या पूररेषेत, म्हणजे नदीच्या पुराचे पाणी येते अशा निषिद्ध पट्ट्यात, झालेल्या बांधकामांचा विषय सर्वांनी चघळला आणि महिन्याभरात विसरला. मुळा-मुठेच्या काठी, ओढ्यांत आणि टेकड्यांच्या उतारावर हेच घडत आहे. अनधिकृत जागेवर बांधलेल्या घराला सरकारी अनुदानाचा शिक्का मिळाला, की ते घर हलवणे कायमचे अशक्य होते.

मुळाकाठ (धागाकर्ता)

तिसरा_मजला यांचा पूररेषेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. तिथे अनुदान देऊच नये; तिथल्या कुटुंबांना दुसरी जागा द्यावी. त्याला पुण्यातच मोठा दाखला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला धरणे फुटल्यावर शासनाने काही पूरग्रस्तांना तयार घरे दिली, तर काहींच्या सहकारी गृहरचना संस्थांना भाडेपट्ट्याने जमिनी दिल्या आणि लोकांनी आपापल्या ऐपतीने घरे बांधली. आज सहकारनगराकडे पाहून ही आपद्ग्रस्तांची वसाहत होती असे कोणाला वाटेल? त्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला, ही गोष्ट वेगळी. म्हणजे कागदाचा घोळ तिथेही सुटला नाही.

इमारत स्वस्त पडते, या विधानाबद्दल मात्र मला शंका आहे. इमारतीचा खर्च बांधून झाल्यावर थांबत नाही. लिफ्ट, पंप, टाकीची सफाई आणि सामाईक वीज यांचा दरमहा हिशेब येतो आणि ज्याचे उत्पन्न रोजंदारीचे आहे त्याची थकबाकी तिथेच सुरू होते. शिवाय घरात शिलाई मशीन, पापड-लोणच्याचा धंदा, भंगाराची वर्गवारी किंवा हातगाडी ठेवण्याची जागा लागते. सातव्या मजल्यावर हातगाडी जात नाही.

आणि सुटे घर म्हणजे अव्यवस्थित घर, हेही खरे नाही. येरवड्याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास कार्यक्रमातील बीएसयूपी (शहरी गरिबांसाठी मूलभूत सेवा) योजनेखाली महापालिकेने तिथल्या वस्त्यांत घरे जागच्या जागी बांधली. त्यांतील काही वस्त्यांत स्पार्क आणि महिला मिलन या संस्थांनी आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी काम केले. कच्ची घरे तेवढीच पाडायची, पक्की घरे राहू द्यायची, गल्ल्यांची मूळ रचना शक्यतो मोडायची नाही आणि ज्यांच्या जागा फार लहान आहेत अशा शेजाऱ्यांनी एकत्र येऊन एकावर एक बांधायचे, असा तो मार्ग होता. घर २७० चौरस फुटांचे आणि लाभार्थ्याचा हिस्सा सुमारे १० टक्के. बायकांनी गल्लीत बसून नकाशे पाहिले, जिना कुठून जाणार यावर भांडणे केली, आणि शेजारीही तेच राहिले. बांधकाम कंत्राटी होते, त्यामुळे ते शब्दशः स्वयंबांधणीचे उदाहरण नव्हे. परंतु घराचा निर्णय घरातल्या माणसाने घ्यायचा, हे तत्त्व त्यात होते. दाटीही राखली गेली, कारण घरे तळमजला अधिक एक-दोन मजल्यांची झाली.

मुंबईत १९८५ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने चारकोप आणि गोराई येथे लहान भूखंड, पाणी, मलनिस्सारण आणि रस्ते देऊन घर ज्याचे त्याने बांधावे अशी योजना राबवली गेली. इंदूरच्या अरण्य वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी सुमारे ६,५०० भूखंडांची तशीच आखणी केली आणि १९९५ मध्ये तिला आगा खान पुरस्कार मिळाला. दोन्हीकडे सरकारने आधी जमीन आणि वाहिन्या दिल्या, भिंती नंतर आल्या. आपण आता नेमके उलट करतो: भिंतीला पैसे देतो आणि जमिनीचे तुमचे तुम्ही पाहा म्हणतो.

पुरंदरी

ग्रामीण बाजूचे दोन शब्द. आमच्याकडे ग्रामीण आवास योजनेत सपाट भागासाठी मूळ अनुदान १ लाख २० हजार मिळते, वर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. मूळ रक्कम शहराच्या जवळपास निम्मी असूनही आमच्या गावठाणात घरे तुलनेने लवकर पूर्ण होतात, याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही: मालकीचा प्रश्न गावठाणात त्या मानाने सोपा आहे. ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका देण्याचा प्रयोग महाराष्ट्रात आमच्याच तालुक्यात, सोनोरी गावात झाला. पुढे २०२० मध्ये केंद्राने स्वामित्व योजना म्हणून ती कल्पना देशभर नेली. नमुना ८ चा (ग्रामपंचायतीतील घराच्या नोंदीचा) उतारा आणि हातात सनद असली, की ग्रामसेवकाला 'कागद आणा' म्हणायला जागा उरत नाही.

ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची जागा खरेदी अर्थसाहाय्य योजना आहे. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे धोरणही आहे, पण वाळू डेपोपासून घरापर्यंत आणायची तर ट्रॅक्टरवाल्याला पैसे द्यावेच लागतात. भावकीची संमती हे आमचे दुखणे. चुलत्यांची सही मिळेपर्यंत घरकुलाचे वर्ष निघून जाते. ग्रामीण योजनेत गवंडी प्रशिक्षण हा स्वतंत्र भाग आहे, तसे शहरात का नसावे?

बचतगटवाली

पुरंदरीदादा, शहरात गवंडी आहेत हो, त्यांना द्यायला पैसे नाहीत.

मी वस्तीत बचत गटांचे काम करते. ओळंबादादांनी जोत्याआधीच्या रोकडीचा जो विषय काढला, त्याची किंमत मी रुपयांत सांगते. दीड लाख रुपये खासगी सावकाराकडून महिना ५ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचे व्याज ७,५०० होते. हप्ता सहा महिन्यांनी आला, तर ४५ हजार रुपये केवळ वाट पाहण्यात गेले. अडीच लाखांचे अनुदान त्या घरासाठी २ लाख ५ हजारांचेच राहिले. तीच रक्कम गटातून महिना २ टक्क्यांनी मिळाली, तर १८ हजार व्याज होते. तेही जड आहे, पण माणूस बुडत नाही. अडचण अशी, की गटाकडे एका वेळी दोन-तीन घरांपुरतेच भांडवल असते.

सरकारने नवीन अनुदान न देताही येथे काम करता येईल. मंजुरीपत्र हाती असलेल्या कुटुंबाला पहिला हप्ता खोदाईच्या आधी द्यावा, किंवा त्या मंजुरीपत्रावर गटांना, पतसंस्थांना कमी व्याजाने फिरता निधी द्यावा आणि हप्ता आला की तो थेट गटाकडे वळता व्हावा. 'पैसे खाऊन टाकतील' ही भीती दर वेळी घातली जाते. माझ्या पाहण्यात पैसे खाल्ले गेले ते आजारपणात, आणि तेही फार थोड्या घरांत. बाईच्या नावावर घर असले की तेही कमी होते. दुसऱ्या टप्प्यातील व्याज अनुदानाकडे बोट दाखवणाऱ्यांना एवढेच सांगते, की १ लाख ८० हजारांपर्यंतची ती सवलत बँकेने गृहकर्ज दिल्यावर पाच हप्त्यांत मिळते. पगारपत्रक नाही, जागा गुंठेवारीची, म्हणजे बँक दारातूनच परत पाठवते.

एका नगर परिषदेच्या हद्दीत आमच्या गटातील बाईचे लिंटेलपर्यंतचे काम झाले, फोटोही काढून नेले, आणि मग संबंधित अभियंत्याची बदली झाल्यामुळे तिची नोंद कित्येक महिने पुढे सरकलीच नाही. तिने मंगळसूत्र गहाण ठेवून स्लॅब टाकला. कागदोपत्री ही 'यशस्वी लाभार्थी' आहे.

तिसरा_मजला

बचतगटवाली ताईंच्या हिशेबापुढे माझा युक्तिवाद थोडा सैल पडतो, हे मान्य करतो. पहिला हप्ता आधी देण्यास माझा विरोध नाही. तरीही इमारतींना पर्याय म्हणून सुटी घरे, हे मला पटत नाही. ज्यांच्याकडे आज जागाच नाही, ज्या घरकामगार, सुरक्षारक्षक आणि रोजंदारीवरील कुटुंबांनी भाड्याने खोली घेतली आहे, त्यांना या धाग्यातील एकाही उपायाचा लाभ नाही. त्यांची संख्या गुंठाधारकांपेक्षा कमी असेल असे मला वाटत नाही.

केरळमधील लाइफ मिशनमध्ये घराला सर्वसाधारणपणे ४ लाख रुपये दिले जातात आणि भूमिहीनांचा स्वतंत्र विचारही केला आहे. म्हणजे रक्कम आणि जमीन या दोन्हींचा विचार एकत्र होऊ शकतो. आपण 'आधी कागद, मग रक्कम' असा क्रम का लावतो आहोत?

मुळाकाठ (धागाकर्ता)

भाडेकरूंचा मुद्दा रास्त आहे, आणि त्यांच्यासाठी भाड्याच्या घरांचाच स्वतंत्र विचार व्हायला हवा. तो या धाग्यात कोंबणे त्यांच्यावरच अन्याय होईल.

क्रमाचे कारण पैशाचे आहे. लेआउटची मोजणी सरकारी खर्चाने केली, तर तो खर्च एकदाच होतो आणि त्यातून चाळीस घरे एकदम पात्र ठरतात. तेवढाच पैसा अनुदानात वाढवला, तर चार-दोन घरांना मिळतो. ओडिशाने २०१७ च्या कायद्याने शहरांतील झोपडपट्टीवासीयांना जमिनीचे हक्क दिले आणि त्यानंतर घरबांधणीची मदत त्या हक्काला जोडली. महाराष्ट्रातही सरकारी जमिनीवरील जुन्या वस्त्यांना पट्टे देण्याचे निर्णय झाले आहेत, नागपुरात त्यावर काम झाले आहे. पुण्यात प्रत्येक वस्तीकडे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या चष्म्यातून, म्हणजे विकसकाला किती टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) मिळेल या नजरेने पाहिले जाते. जिथे विकसकाला फायदा नाही, तिथे योजना पंधरा-पंधरा वर्षे फलकावरच राहते.

धायरीगाव

नवीन सभासद आहे. प्रश्न साधा आहे. वडिलांच्या नावावर गावठाणात जुने मातीचे घर आहे, मिळकत पत्रिका आहे. माझे लग्न झाले आहे, आम्ही त्याच घराच्या एका खोलीत राहतो. वडिलांना १९९८ च्या सुमारास दुसऱ्या गावी घरकुल मिळाले होते, ते पडले. मला अर्ज करता येईल का?

शिवणेकर

धायरीगाव, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या टप्प्याच्या नियमांत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले, त्यामुळे विवाहित मुलगा म्हणून तुमचे कुटुंब स्वतंत्र धरले जाते. पूर्वी घेतलेल्या लाभाची अट मागील २० वर्षांची आहे आणि ती अर्जदार कुटुंबाला लागते. १९९८ चे घरकुल दोन्ही अर्थांनी त्याबाहेर आहे. देशात कोठेही तुमच्या किंवा पत्नीच्या नावावर पक्के घर नसावे, एवढे पाहा.

अडचण जागेची आहे, कारण ती वडिलांची आहे. भावंडे असतील तर आधी घरात बोलून घ्या. राहते घर वडिलांनी मुलाला बक्षीसपत्राने दिले, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक संस्थेचा १ टक्का अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. सगळे घर न देता तुमच्या हिश्शापुरतेच द्यायचे असेल, तर आधी नगर भूमापन कार्यालयात पोटहिश्शाची मोजणी करून घ्या आणि चतुःसीमा दस्तात लिहा, नाहीतर पत्रिकेवर नाव चढताना हरकत निघते. सुनेचे नाव अर्जात संयुक्त ठेवायचे असेल, तर त्याच दस्तात तिचेही नाव घाला. मात्र सवलतीच्या यादीत मुलगा आहे, सून फक्त मृत मुलाची पत्नी म्हणून आहे. तेव्हा दस्त नोंदवण्यापूर्वी दुय्यम निबंधकांकडे मसुदा दाखवून शुल्क विचारून घ्या. नाव चढल्याशिवाय जुन्या भिंतीला हात लावू नका, कारण जागा मोकळी झाली की ते 'राहते घर' राहत नाही आणि अर्जासोबत जोडायचा जुन्या कच्च्या घराचा फोटोही मग मिळत नाही.